सहलीचं विचारा : तंबू पाण्याला टेकून की जरा वर?

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून कोयनेच्या बॅकवॉटरला, बामणोली-तापोळा भागात दोन रात्री तंबूत राहायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय 68, गुडघे दुखतात, पण जायची हौस सगळ्यांत जास्त त्यांनाच. तीन ठिकाणं बघून ठेवलीत. एका ठिकाणी तंबू अगदी पाण्याला टेकून आहेत, रात्री गाणी, शेकोटी; फोटो फारच सुंदर. दुसरं एका शेतकरी कुटुंबाचं, पाण्यापासून जरा वर, चढावर. तिथं दोन पक्क्या खोल्याही आहेत. तिसऱ्या ठिकाणी लाँचनेच जावं लागतं. मिस्टरांना पहिलं आवडलंय. कशावरून ठरवायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, दुसरं घ्या. का ते सांगते, म्हणजे घरात बोलताना तुमच्या हाताशी असेल.

तिसरं आधी बाजूला काढू. चार वर्षांचं पोर आणि गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस बरोबर असताना, जिथून निघायला लाँचच लागते तिथं रात्र काढू नये. पोराला ताप चढायला रात्रीचे दोन वाजायचेच असतात, आणि त्या वेळी लाँच मिळेल असं धरून चालता येत नाही. शिवाय शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, पलीकडचा काठ हा कोयना अभयारण्याचा. 2010 पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोटा किल्ल्यावर जाणारे लोकसुद्धा बामणोलीत वनखात्याची परवानगी घेतात आणि संध्याकाळच्या आत परत येतात. त्यामुळे कुणी ‘पलीकडं जंगलात तंबू देतो’ म्हणाला तर परवानगीचा कागद मागा. कागद नसेल तर तिथंच विषय संपवा.

आता मिस्टरांच्या आवडीचं. फोटो कुठल्या महिन्यातला आहे, एवढं एकच त्या लोकांना विचारा. आपल्याकडची ही सगळी तळी म्हणजे धरणांचं अडवलेलं पाणी. कोयनेचा साठा 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट. पावसाळा संपता संपता तो भरतो आणि तिथून पुढं मे महिन्यापर्यंत उतरतच जातो. वीज तयार करायला पाणी रोज पोफळीच्या वीजघराकडं जातंच. तंबूच्या दारात लाटा आल्यात असा फोटो बहुतेक ऑक्टोबरातला असतो. जानेवारीअखेर तेच पाणी पुढं सरकलेलं असतं. किती सरकलं हे जमिनीच्या उतारावर आहे. वीस फूट चालल्यावर एक फूट उतरतो असा सपाट काठ धरा. पातळी पंधरा फुटांनी खाली गेली तर तंबू आणि पाणी यांच्यामध्ये तीनशे फूट उघडी जमीन पडते. ती वाळू नसते, गाळ असतो. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, मोठ्या माणसाला पेलतोही. पण पाण्याजवळचा पट्टा आतून लोण्यासारखा मऊ राहतो. पोराचा पाय गुडघ्यापर्यंत गेला की ते घाबरून दुसरा पाय टाकतं आणि तोही जातो. शिबिरांना मुली घेऊन जायचे तेव्हा मी आधी काठी घेऊन काठ टोचत फिरायचे. तुम्हीही तेच करा. काठी वीतभर सहज आत गेली की मुलांची हद्द तिथून दहा पावलं मागं.

आणखी एक गोष्ट, जी कोल्हापूरच्या बाबालोकांना पटवायला जड जाते. आपल्यापैकी पुष्कळजण पंचगंगेत नाहीतर विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेत, त्यामुळं पाण्याची भीती उरलेली नसते. पण धरणाचं पाणी वेगळं. त्याच्या पोटात गावं गेलीत, शेतं गेलीत. पाण्याखाली बांध आहेत, झाडांचे बुंधे आहेत, जुन्या नदीचा काठ आहे. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला बुडतो तो याच बांधावरून घसरून. वर ऊन लागलेलं पाणी आणि हातभर खाली गारठा, त्यानं पायात गोळे येतात. म्हणून मिस्टरांना माझा निरोप सांगा की कितीही चांगलं पोहता येत असलं तरी मुलांसमोर पाण्यात उतरायचं नाही. ते उतरले की मुलं उतरणारच.

बोटीत बसणार असालच. तिथं लाइफ जॅकेट मिळतं, पण लहान मुलांच्या मापाचं मिळतंच असं नाही. बुकिंगच्या फोनवरच विचारा, ‘चार वर्षांच्या पोराचं जॅकेट आहे का?’ घातल्यावर असं तपासा : सगळे पट्टे आवळा, पोराला दोन्ही हात वर करायला सांगा आणि जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचला. जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं तर पाण्यात ते अंगात राहणार नाही, पोर खालून निसटेल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. मोठ्यांचं जॅकेट ‘आवळून बांधतो हो’ म्हणून कुणी घातलं तर बोटीत बसू नका. मुलगा रडेल, रडू दे.

दुसऱ्या जागेचा चढ तुम्हाला अडचणीचा वाटत असेल. जानेवारीत तोच तुमच्या कामाचा आहे. रात्री डोंगरावरची गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि पाण्याकाठच्या खोलगट जागेत साचते. दवही तिथंच जास्त. पहाटे तंबूच्या कापडाला आतून हात लावला की बोटं ओली होतात, आणि पांघरूण कापडाला टेकलेलं असेल तर तेही भिजतं. तीस-चाळीस फूट उंचीवर हा त्रास पुष्कळ कमी. फक्त तंबूची जागा सपाट केलेली हवी, पाणी वाहून जायला बाजूनं चर हवी आणि डोक्यावर वाळलेली फांदी नको. झाडाला आग्या मोहोळ नाही ना, हेही दिवसाउजेडी मान वर करून बघा. शेकोटीचा धूर मोहोळाला लागला तर पळायला जागा उरत नाही.

मला खरं समाधान त्या दोन खोल्यांचं वाटलं. त्यातली एक घ्याच. सासूबाईंना तंबूत झोपवायचं म्हणजे खाली बसायचं, रांगत आत जायचं आणि रात्री दोनदा तसंच रांगत बाहेर यायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाची ती शिक्षा आहे, आणि त्या तोंडानं काही बोलणार नाहीत. दिवसभर, जेवण होईपर्यंत त्या तंबूजवळ बसतील, नातवंडांना गोष्टी सांगतील, झोपायला खोलीत पलंगावर. खोली असली की पोराचं पोट बिघडलं किंवा अवकाळी पाऊस आला तरी सगळ्यांना आसरा राहतो. संडासाचं मात्र ‘स्वच्छ आहे’ एवढ्यावर मिटवू नका. कमोड आहे का, झोपायच्या जागेपासून किती पावलं, वाटेत पायऱ्या किती, रात्रभर दिवा राहतो का, हे एकेक विचारा. शेतकऱ्याच्या घरच्या बाईंशी बोलायला मिळालं तर सगळ्यात चांगलं. त्या खरं सांगतात.

गाण्यांचं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानंच बंदी आहे. तरी जिथं ‘डीजे नाइट’ची जाहिरात आहे तिथं जोडसुट्टीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चार वर्षांचं पोर त्या आवाजात झोपत नाही, आणि दारू प्यालेला घोळका शेजारच्या तंबूत असेल तर नऊ वर्षांच्या मुलीला रात्री संडासला नेतानाही जीव वरखाली होतो. ‘फक्त कुटुंबांना देता की ग्रुपलाही?’ हे सरळ विचारावं. उत्तर द्यायला माणूस अडखळला की समजून घ्यावं.

ठरवण्याआधी त्या शेतकरी कुटुंबाला संध्याकाळी सहाच्या सुमारास व्हिडिओ कॉल करा आणि तंबूपासून पाण्यापर्यंत फोन हातात धरून चालत जायला सांगा. दोन मिनिटांत अंतर कळतं, काठ दिसतो, अंधारात दिवे आहेत की नाहीत तेही दिसतं, आणि तिथं रेंज आहे का याचाही निकाल लागतो. त्या खोऱ्यात रेंज सगळीकडं सारखी नाही. कुठल्या कंपनीचं कार्ड चालतं ते विचारून घरातला एक फोन तरी तसा ठेवा. लोकांचे अभिप्राय वाचताना जानेवारी-फेब्रुवारीत लिहिलेले तेवढे वाचा. पावसाळ्यातलं कौतुक तुमच्या उपयोगाचं नाही.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत न्यायची नाही. निखारे विझत आलेत असं वाटलं तरीही नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, डोळ्यांना झोंबत नाही; माणसाला गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. झडप उघडी ठेवली तरी भरवसा नाही. बंद खोलीलाही हेच लागू. शेकायचं ते बाहेर शेका आणि आत येताना निखाऱ्यांवर पाणी ओता.

तंबूची चेन सतत बंद ठेवायची सवय मुलांना पहिल्या तासातच लावा. मण्यार रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. पहाटे कुणाच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं तर अपचन म्हणून ओवा देत बसू नका. 108 ला फोन लावा आणि यजमानांची गाडी काढायला लावा. जवळचं कुठलं सरकारी रुग्णालय सापाची लस ठेवतं, हे पोचल्या पोचल्या विचारून ठेवायचं. घाबरवायला लिहीत नाही. चेन लावलेली, बूट आत घेतलेले आणि हातात बॅटरी एवढं असलं की निम्मी काळजी मिटते.

प्रवासाचं थोडक्यात. कोल्हापूर ते सातारा साधारण 120 किलोमीटर, पुढं कास पठारावरून बामणोली. शेवटचा टप्पा वळणांचा आहे. सकाळी सातला निघा, साताऱ्यात पेट्रोल भरा, औषधं राहिली असतील तर तिथंच घ्या. चार वाजेपर्यंत पोचलात म्हणजे जागा उजेडात बघता येते आणि आवडली नाही तर बोलता येतं. म्हणूनच सगळे पैसे आगाऊ भरू नका.

प्रश्न : मे महिन्यात आमचा स्वतःचा तंबू घेऊन काळम्मावाडी किंवा राधानगरी धरणाच्या पाण्याकाठी राहावं असा विचार आहे. पाणी उतरल्यावर छान सपाट जागा मिळते. दोन मुलं आहेत, मोठा चौदाचा. (एक वाचक, कागल)

उत्तर : दादा, ती सपाट जागाच नको. मेमध्ये आपल्याकडं वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. उतरलेल्या पाण्याच्या त्या मोकळ्या मैदानात सगळ्यात उंच वस्तू तुमचा तंबू असतो आणि त्याच्या दांड्या धातूच्या. वीज कडाडायला लागली की तंबू म्हणजे आसरा नव्हेच. पक्कं घर गाठायचं, नाहीतर काचा लावून गाडीत बसायचं. म्हणून गाडी तंबूपासून दोन मिनिटांच्या आत उभी राहील तिथंच राहण्याचा विचार करा. धरणाची जमीन पाटबंधारे खात्याची आणि राधानगरीच्या बाजूचं रान अभयारण्याचं, तेव्हा विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. गव्यांचा वावर आहे. संध्याकाळी ते पाण्यावर येतात, त्यांच्या वाटेत आपण असू नये.

त्यापेक्षा दाजीपूर-राधानगरी भागात गावात घर बघा आणि अंगणात तंबू लावायची परवानगी मागा. पोरांची हौस भागते. मेअखेरीस काजवे सुरू झालेले असतील तर अंगणातूनही दिसतात. गाडीचे दिवे आणि बॅटरी तेवढी बंद ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये कुणी धरणाच्या खालच्या अंगाला भोगावतीच्या पात्राजवळ राहायचं सुचवलं, तर साफ नाही म्हणा. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, रात्रीसुद्धा.

प्रश्न : मुलांना तंबूत थंडी वाजू नये म्हणून किती पांघरुणं न्यावीत? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : अंगावरच्यापेक्षा अंगाखालचं जास्त न्या. थंडी जमिनीतून येते. खाली आधी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर घोंगडं, त्यावर गोधडी, मग वर एक चांगलं ब्लँकेट पुरतं. कानटोपी आणि कोरडे मोजे झोपताना घाला. दिवसभर पायात घातलेले घामानं ओलसर झालेले असतात, ते बदला.