आजोबांची पावलं मोजणारी लेक

प्रिय ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेक इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला. मैत्रिणींनी कोडिंगचे क्लास लावलेत, आणि ही आजोबांच्या बुटाला सेन्सर बांधून सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या मागेमागे फिरते. ‘माणसं कशी चालतात हे मोजून पोट भरतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही लिहिलेला एक प्रसंग मी दोनदा वाचला. आजोबा वॉकर धरून शंभर पावलं चालले आणि मनगटावरच्या बँडने एकतीस दाखवली. तुम्हाला वाटलं, बँड बिघडला. तिने खडूने दहा मीटरची रेघ मारली, पावलांचा व्हिडिओ काढला आणि पुन्हा मोजलं. ताई, बँड धडधाकट आहे. तो हाताच्या हालचालीवरून पाऊल ओळखतो, आणि वॉकर धरलेल्या हाताला झोकाच नसतो. यंत्राचा आकडा मुकाट मान्य न करता पडताळून पाहायचा, हा या कामाचा पाया आहे आणि तो तिच्यात आपसूक आलाय.

बुटावरचा सेन्सर पावलांच्या वेळा बऱ्यापैकी पकडतो. पावलाची लांबी काढताना मात्र अडचण येते. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना बारीकशी चूकही साठत जाते. म्हणून पाय जमिनीवर टेकून स्थिर झाला की त्या क्षणी वेग शून्य धरून हिशेब नव्याने सुरू करतात. पण पाय घासत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो क्षण नीट सापडत नाही! ज्यांच्यासाठी मोजायचं, त्यांच्याच बाबतीत यंत्र अडखळतं. आणि चाचण्या अनेकदा होतात त्या तरण्याताठ्या विद्यार्थ्यांवर. मला या कामाची कळकळ वाटते ती इथे. चुकीच्या आकड्यावर उद्या कुणाचा व्यायाम ठरेल.

हे तपासायला प्रयोगशाळेत इन्फ्रारेड कॅमेरे आणि जमिनीत बसवलेल्या बल मोजणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्याशी सेन्सरचे आकडे ताडून पाहायचे. त्यासाठी तिने संख्याशास्त्र मनापासून शिकावं. समजा, सेन्सर प्रत्येक पाऊल दहा सेंटिमीटर जास्त दाखवतो. सहसंबंध, म्हणजे दोन मापं किती एकसाथ वाढतात-घटतात त्याचा आकडा, अगदी पूर्ण येईल, तरी माप चूकच. हा घोळ टाळण्याची पद्धत ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तिथून सुरुवात करायला सांगा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही लागेलच, तेव्हा कोडिंगच्या क्लासवरून घरात भांडण नको.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. कॅम्पसच्या यादीत हे काम सहसा दिसत नाही आणि सुरुवातीचा पगार मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो. पुढे बायोमेडिकलमध्ये एमटेक करावं; एमटेकच्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२० पासून त्याचा स्वतंत्र पेपर आहे. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत चाचणी विभाग असतात, पुनर्वसन केंद्रांत रुग्णाची चाल तपासणाऱ्या प्रयोगशाळा असतात. पुण्यात तर लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. कृत्रिम पाय बसवलेला जवान कसा चालतो, हा प्रश्न या शहराला नवा नाही.

सध्या एवढंच करा. कॉलेजच्या सरांमार्फत एखाद्या फिजिओथेरपी विभागात तिला आठवड्यातून एक दुपार बसू द्या. नुसतं बघू दे, मोजायची घाई नको. रुग्णांवर चाचणी करायची झाली, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी. आणि आजोबांनाही दर वेळी विचारूनच सेन्सर बांधावा. ते दमले असतील तर त्या दिवशी रेघ तशीच राहू द्या.