मीटर ११८ दाखवतं, तरी पायाची धास्ती जात नाही

“शुगर आता आटोक्यात आहे म्हणतात, पण माझ्या पायांचं, डोळ्यांचं, किडनीचं पुढे काय होणार?” मधुमेह नव्याने निघालेली बहुतेक माणसं थोड्याफार फरकाने हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. घोळ होतो तो उत्तर कुठे शोधायचं यात. खालच्या हकिकतीतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

गृहस्थ ४४ वर्षांचे, काम हिशेबाचं. पाच महिन्यांपूर्वी टाइप २ मधुमेह निघाला तेव्हा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८.१ टक्के होतं, आता ६.८. सरासरी रक्तशर्करेच्या भाषेत सांगायचं तर साधारण १८६ वरून १४८ मिलिग्रॅमवर आलेली. गोळी एकच, मेटफॉर्मिन. डॉक्टर समाधानी होते, कागदावर सगळं छान होतं. आणि हे गृहस्थ ग्लुकोमीटरवर शुगर बघायला दिवसाला ११ वेळा बोट टोचत होते. त्यातली एक वेळ रात्री तीनची. बोटांची टोकं काळी-निळी झालेली. रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलेलं. चालणं पूर्ण बंद, कारण पायाला काही लागलं तर? आणि जीव शांत करायला दिवसाला चार सिगारेटी, ज्या मधुमेह कळल्यानंतर सुरू झाल्या होत्या!

वडिलांचा पाय मधुमेहाने घोट्याच्या वर कापावा लागला होता. तेव्हा हे कॉलेजात होते.

अशा माणसाला “घाबरू नका, काही होत नाही” म्हणणं सोपं असतं आणि निरुपयोगीही. एक तर ते खरं नाही, होऊ शकतं. दुसरं म्हणजे समोरच्याने ते घरात पाहिलेलं असतं, त्यामुळे असं म्हणणाऱ्यावरचा त्याचा विश्वास तिथेच उडतो. म्हणून समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत धीर दिला नाही, कागद दिला. एका ओळीत एकच भीती लिहायची. सात ओळी झाल्या: पाय कापतील, आंधळा होईन, डायलिसिस, झोपेत शुगर उतरून जाईन, हार्ट अटॅक, मुलीला होईल. सातवी त्यांनी अगदी बारीक अक्षरात लिहिली आणि कागद दुमडला. ती पती-पत्नी संबंधांविषयी होती.

मग प्रत्येक ओळीपुढे आणखी दोन रकाने: या भीतीचं उत्तर कोणती तपासणी देते, आणि ती शेवटची कधी केली. दुसऱ्या रकान्यात त्यांनी पाच ठिकाणी “मीटर” लिहिलं. तिसऱ्यात पाचही ठिकाणी “आज”.

गाठ इथे होती. ग्लुकोमीटर सांगतं ते या क्षणाला बोटाच्या थेंबात किती साखर आहे एवढंच. भीती होती दहा वर्षांनंतरच्या पायाची. ज्याला त्या पायाविषयी काही ठाऊकच नाही, त्या यंत्राला दिवसातून ११ वेळा विचारायचं, मग समाधान होणार कसं? ११८ आकडा आला की दहा मिनिटं बरं वाटे, मग वाटे, आता किती असेल.

यंत्राच्या मर्यादाही त्यांना ठाऊक नव्हत्या. त्यांनी मीटर बरोबर आणलंच होतं. हात धुऊन, कोरडे करून, एकाच बोटातून दोन मिनिटांत तीन वेळा तपासायला सांगितलं. १३१, १४२, १२७. ते १४२ कडे बघत राहिले. हिशेबाच्या माणसाला तीन वेळा बेरीज करून तीन उत्तरं आली तर जसं वाटेल तसा चेहरा. घरच्या मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकच असं आहे की १०० किंवा त्यावरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, आणि तोही दर शंभरातल्या ९५ चाचण्यांत. म्हणजे प्रयोगशाळेत १३१ असेल तिथे मीटरने १११ ते १५१ मधलं काहीही दाखवलं तरी ते बिघडलेलं नसतं. १२७ वरून १४२ म्हणजे शुगर “वाढली” असं नव्हे. फळ सोलून हात न धुता तपासलं तर मात्र आकडा खराच फुगतो, कारण साखर बोटावरच असते. डबीचं झाकण उघडं राहून मीटरच्या स्ट्रिपा दमट झाल्या तरी आकडे भरकटतात.

मग अवयवांकडे वळलो. डोळा, किडनी आणि नसा हीच तीन ठिकाणं का? शरीरातल्या बऱ्याच पेशी रक्तात साखर वाढली की आत घेण्याचं प्रमाण कमी करू शकतात. डोळ्याच्या पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, किडनीच्या गाळण्या आणि नसांभोवतीच्या पेशी यांना ते फारसं जमत नाही. बाहेर जितकी साखर, जवळजवळ तितकी आत. ती वर्षानुवर्षं आत जात राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि गळक्या होतात. यात “वर्षानुवर्षं” हा शब्द महत्त्वाचा. एका जेवणानंतर २१० दिसलं म्हणून पडदा फाटत नाही.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला, तो त्यांना सांगितला. टाइप २ मधुमेह नव्याने निघालेल्या लोकांत एका गटाचं एचबीएवनसी दहा वर्षं सरासरी ७.० राखलं गेलं, दुसऱ्याचं ७.९. फरक एका टक्क्याहूनही कमी. तरी पहिल्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी निघाले. त्यांनी लगेच विचारलं, “मग ६.८ म्हणजे मी सुरक्षित?” नाही, धोका शून्य होत नाही, कमी होतो. हे वाक्य पचायला त्यांना तीन भेटी लागल्या.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मात्र त्यांच्या पार नजरेआड होती. हार्ट अटॅकच्या बाबतीत साखरेवरच्या नियंत्रणाचा फायदा तितका ठाम दिसला नव्हता. रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवलेल्या गटात मात्र पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटला होता. “तुमचं बीपी किती?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पाच महिन्यांत शुगर दीड हजारांहून जास्त वेळा तपासली, बीपी एकदाही नाही. हार्ट अटॅकच्या ओळीपुढचं “मीटर” खोडून त्यांनी स्वतःच लिहिलं: बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट. तिसऱ्या शब्दाखाली रेघ मारली. पायाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा सिगारेटएवढा वैरी दुसरा नाही. म्हणजे पायाच्या धास्तीने ते नेमकी पायालाच घातक गोष्ट करत होते. याबद्दल दोष द्यायचा नसतो, पण सांगायचं टाळायचंही नसतं.

पायावर सर्वांत जास्त वेळ गेला. त्यांच्या मनात चित्र होतं ते मधुमेह झाला की एक दिवस पाय जातो असं. प्रत्यक्षात ती साखळी असते. आधी नसांची जाणीव बोथट होते. मग चपलेतला खडा, घट्ट बुटाचा फोड, कोमट समजून घेतलेलं कढत पाणी यांतून जखम होते आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर ती भरत नाही, जंतुसंसर्ग होतो, आणि या सगळ्यावर दिवसांमागून दिवस जातात. कुठलीही कडी तोडली तरी साखळी तुटते. वडिलांच्या वेळचं आठवायला सांगितलं, तेव्हा हळूहळू बाहेर आलं: वडील विडी ओढायचे, तळपायाला लागलेलं कोणी तीन आठवडे पाहिलंच नव्हतं, आणि मधुमेह आहे हेही त्या जखमेमुळेच कळलं होतं.

पहिली कडी तपासायला नायलॉनचा एक धागा असतो, मोनोफिलामेंट. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटून पडायचं, डॉक्टर अंगठ्याला आणि चवड्याला ठिकठिकाणी तो टेकवतात, जाणवलं की “हो” म्हणायचं. घट्ट्यावर टेकवायचा नसतो, तिथे निरोगी माणसालाही कळत नाही. शिवाय सेकंदाला १२८ कंपनं देणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का पाहतात आणि पायाची नाडी चाचपतात. सगळं मिळून दहा मिनिटं, वर्षातून एकदा, जाणीव कमी असेल तर जास्त वेळा. पुढच्या भेटीला आले ते बूट-मोजे काढूनच बसले आणि धागा कुठे कुठे टेकला ते बोटाने दाखवत गेले. सगळीकडे “हो” आलं होतं. पाच महिन्यांत मीटरने जे दिलं नाही ते त्या धाग्याने दिलं.

चालणं त्याच आठवड्यात सुरू झालं. रोजची शिस्त ठरली: झोपताना उजेडात दोन मिनिटं पाय पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट, टाचेखाली आरसा धरून. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. क्रीम लावायचं, पण बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून चिरा पडतात. पाण्याचा अंदाज पायाने नाही, कोपराने घ्यायचा. जखम किंवा फोड दिसला तर भरायची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी दाखवायचा.

रात्री तीनचं प्रकरण वेगळं होतं. छातीत धडधड, घाम, हात थरथरणं: शुगर उतरल्यावर हेच होतं आणि घबराटीतही हेच होतं, कारण दोन्हींत अ‍ॅड्रेनालिन सुटतं. नुसत्या लक्षणांवरून फरक ओळखता येत नाही, आकडाच लागतो. म्हणून इथे मीटरला त्याचं खरं काम दिलं. चौदा दिवस वही: वेळ, काय जाणवलं, भीती दहापैकी किती, मग आकडा. नऊ वेळा जाग आली, सर्वांत कमी आकडा ९६. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर धोकादायक उतरणं विरळाच. आधी अनेक महिने शुगर चढी असलेल्या शरीराला नॉर्मल आकडासुद्धा काही काळ कमी वाटतो, हेही खरं. शिवाय पहाटे यकृत स्वतःहून साखर सोडतं आणि घबराट त्यात भर घालते. त्यामुळे सकाळचा १५२ बघून ते म्हणायचे, “बघा, बिघडलं.” डॉक्टरांशी बोलून रात्रीचं जेवण परत सुरू केलं.

टोचणं कमी करणंही डॉक्टरांच्या संमतीनेच. ओढ लागली की पंधरा मिनिटं थांबायचं, ओढीला दहापैकी गुण द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा. बहुतेक वेळा आठचे चार होतात. ११ वरून ६, मग ३, शेवटी आठवड्यातून दोन दिवस, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. हा उपाय सर्वांसाठी नाही. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शुगर फार उतरवू शकणारी गोळी चालू आहे त्यांनी थरथर जाणवली तर थांबायचं नाही, लगेच तपासायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

दुमडलेल्या ओळीविषयी: ताठरता न येणं मधुमेहात होऊ शकतं, चिंतेनेही होतं, सिगारेटनेही. पहाटे आपोआप येत असेल तर यंत्रणा बहुधा शाबूत आहे. त्यांना येत होती. डॉक्टरांना हे विचारायचं वाक्य त्यांनी लिहून पाठ करून नेलं.

पत्नीला एका भेटीला बोलावलं. त्या संध्याकाळी दारातच “किती आली?” विचारायच्या. काळजीपोटीच, पण यांना ती झडती वाटे. ठरलं असं की आकडा फक्त रविवारी विचारायचा, रोज त्याऐवजी “चालायला येताय?”

मधुमेहाचा मनावरचा भार मोजायला २० प्रश्नांची एक प्रश्नावली असते. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं, ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे भार जड. सुरुवातीला त्यांचे जवळपास ५९ होते, तीन महिन्यांनी २७.५.

डोळ्यांची तपासणी ते सारखी पुढे ढकलत होते. निदानानंतर काही आठवडे धूसर दिसायचं, तेव्हापासूनच आंधळेपणाची भीती बसलेली. ते धूसर दिसणं बहुधा शुगर झपाट्याने बदलल्यामुळे डोळ्याच्या भिंगात होणाऱ्या फुगवट्याचं असतं आणि आपोआप जातं. घाईने नवा चष्मा करू नये. पडद्याची तपासणी मात्र वेगळी. बाहुली मोठी करून होते आणि टाइप २ मध्ये निदानाबरोबरच करायची असते, कारण मधुमेह त्याआधी काही वर्षं गुपचूप असू शकतो. शेवटी ते गेले. उजव्या डोळ्यात दोन-तीन बारीक लाल ठिपके निघाले. उपचाराची गरज नाही, नऊ महिन्यांनी पुन्हा या.

त्या रात्री त्यांनी चार वेळा बोट टोचलं. दुसऱ्या दिवशी भेटीला आले तेव्हा तो जुना कागद घेऊनच. “आंधळा होईन” वर काट मारून वर लिहिलेलं होतं: उजवा डोळा, ठिपके, पुढची तारीख. “बीपीचा यावर परिणाम होतो ना?” एवढंच विचारलं. होतो. खालच्या ओळीतल्या डायलिसिसपुढे किडनीच्या तपासण्यांची, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि क्रिएटिनिनची, तारीख आधीच पडली होती. मीटर अजून उशाशीच होतं. पुढच्या महिन्यात ते कपाटात गेलं.