किल्ली कुरिअरने येत नाही

प्रश्न: ताई, आम्ही नौपाड्यात राहतो. मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स करणार आहे. विद्यार्थी वसतिगृहाची वेटिंग लिस्ट काही हलत नाही. एका शेअरिंगच्या घरात तिला खोली मिळतेय, पण तिथे दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, किचन-बाथरूम सगळ्यांत एकच. हे ऐकल्यापासून तिचे बाबा तिच्याशी धड बोलत नाहीत. त्यांनी ऑनलाइन एक स्वतंत्र स्टुडिओ शोधलाय. मालक म्हणे लंडनला असतो; दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअर करणार. मी कुणाची बाजू घेऊ?

उत्तर: आधी ते पैसे थांबवा, आजच. फोटोत चकाचक घर, मालक परदेशात आणि पैसे आल्यावर किल्ली, ही विद्यार्थ्यांना लुबाडण्याची अगदी ठरलेली पद्धत आहे. जर्मन कायद्याने डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेही भाडेकरू तीन हप्त्यांत भरू शकतो, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. तुमचे मिस्टर ठाण्यात वन बीएचके भाड्याने घेतील, तेव्हा घर न बघता, करार रजिस्टर न करता पैसे देतील का? तीच नजर त्यांना आखेनलाही लावायला सांगा.

आता शेअरिंगचं. तिथे त्याला ‘वेगे’ म्हणतात, आणि असंख्य विद्यार्थी असेच राहतात. खोली ज्याची त्याची, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला, साफसफाईच्या पाळ्यांचा कागद बऱ्याचदा किचनच्या भिंतीवरच. बाबांची काळजी मला कळते, पण लेकीशी अबोला धरून ती मिटणार नाही. मुलीला व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवायला लावा. खोलीच्या दाराला कुलूप आहे का, बाथरूमला आतून कडी आहे का, आधीची भाडेकरू का सोडून गेली, हे तिनेच विचारावं. तिथल्या मुलीशी वेगळं बोलून घ्यावं. तिचं मन कचरलं तर खोली सोडून द्यावी. पण तो निर्णय तिचा असू दे.

दोन गोष्टी लेखी हव्यात. खोली मूळ भाडेकरू देत असेल, तर घरमालकाची परवानगी. आणि तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घर देणाऱ्याचं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हे पत्र. तोंड भरून जाईल असा शब्द आहे, पण त्याच्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. ‘पत्ता नोंदवता येणार नाही’ असं कुणी म्हणालं, की ते घर लगेच सोडायचं. भाडं ‘कोल्ड’ सांगितलंय की ‘वॉर्म’, तेही विचारा. वॉर्ममध्ये हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरलेला असतो, विजेचं आणि इंटरनेटचं वेगळं असू शकतं.

व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे ज्यात आधीच भरून ठेवतात, त्या ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे मुलगी तिथे पोचून खातं सुरू झाल्यावर दर महिन्याला ठरावीक रकमेत मिळतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिटचा हप्ता वेगळा ठेवा.

बाजू मुलीचीच घ्या. पण बाबांना सगळ्यांसमोर चुकीचं ठरवू नका. भाडेकराराचा मसुदा आला की इंग्रजी भाषांतरासकट त्यांच्याच हातात द्या. अशा कागदांतली खोच त्यांनाच आधी दिसेल. आणि वसतिगृहाच्या यादीतून नाव काढू नका, मधल्या सत्रात खोल्या रिकाम्या होतात.