लहान लाटांसाठी आखूड, रुंद बोर्ड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझे वजन ७२ किलो आहे. दोन मोसम आठ फुटी मऊ बोर्डवर सर्फिंग केले. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडे लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असते. तिच्यासाठी आखूड, रुंद बोर्ड स्वतः बनवायचा आहे. मापे काय धरू?
– एक वाचक, मांद्रे

उत्तर : लांबी शेवटी ठरवा. आधी बोर्ड किती लिटरचा हवा ते पाहा. सराईत सर्फर रोजच्या बोर्डसाठी वजनाच्या किलोमागे साधारण ०.३६ ते ०.४० लिटर धरतात. आपल्या मोसमातल्या लाटेत जोर कमी आणि तुमचा सरावही अजून कोवळा, म्हणून किलोमागे अर्धा लिटर धरा. म्हणजे ३६ लिटर झाले. अंदाज काढायची रीत सोपी आहे. लांबी, मोठ्यात मोठी रुंदी आणि मधली जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, १००० ने भागा आणि बोथट नोजच्या, म्हणजे बोथट पुढच्या टोकाच्या, बोर्डसाठी आलेल्या आकड्याला ०.६ ने गुणा. ५ फूट ६ इंच लांब, २२ इंच रुंद आणि अडीच इंच जाड बोर्ड म्हणजे १६८ × ५६ × ६.३. उत्तर येते साडेपस्तीस लिटर. तुमच्यासाठी हे माप योग्य आहे, पण एका अटीवर. लाटेच्या तोंडावरून आडवे जाणे तुम्हाला जमत असले पाहिजे. अजून फेसातच सरळ किनाऱ्याकडे येत असाल तर ६ फूट × साडेबावीस इंच × पावणेतीन इंच घ्या. तो सुमारे ४४ लिटरचा होतो आणि आठ फुटी बोर्डवरून येणाऱ्याला झेपतो.

आता रुंदीच का, ते समजून घ्या, म्हणजे पुढची मापे पाठ करावी लागणार नाहीत. लहान लाटेचा उतार कमी असतो, त्यामुळे बोर्डला पुढे ढकलणारे बळही कमी. बोर्ड पाण्यात रुतून न राहता पाण्यावर चढून घसरू लागला, तरच लाट हाती लागते. पाण्याला आडवा मिळणारा पृष्ठभाग जितका रुंद, तितका बोर्ड कमी वेगात उचलला जातो. तेवढेच क्षेत्रफळ लांबीत वाढवून तेवढी उचल मिळत नाही. कॅलिफोर्नियातले बोर्ड बनवणारे बॉब सिमन्स यांनी १९४० च्या दशकात पाण्यावर घसरणाऱ्या बोटींचा हाच हिशेब बोर्डला लावला होता. आजचे 'मिनी सिमन्स' बोर्ड त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

पण रुंदी फुकट मिळत नाही. तिची किंमत वळताना मोजावी लागते, आणि ती कमी करण्यातच खरे कौशल्य आहे. टेलच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या, टोकापासून ३० सेंटिमीटरवर रुंदी ४२ ते ४३ सेंटिमीटर ठेवा, नोजकडे तेवढ्याच अंतरावर ४४ ते ४५. मोठ्यात मोठी रुंदी मध्यापासून तीन-चार सेंटिमीटर पुढे असू द्या. रॉकर, म्हणजे तळाचा बाक, नोजला ९ ते १० सेंटिमीटर आणि टेलला ३ ते साडेतीन पुरे. मधली ६०–७० सेंटिमीटर जवळजवळ सपाट राहिली पाहिजे, कारण बाक जास्त झाला की बोर्ड स्वतःसमोर पाणी ढकलत बसतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती रेलमध्ये, म्हणजे कडेच्या गोलाईत. मधली अडीच इंच जाडी तशीच कडेपर्यंत नेली तर रुंद बोर्डची कड वळताना पाण्यात शिरतच नाही, बोर्ड बुचासारखा वर येतो. डेक, म्हणजे बोर्डचा वरचा पृष्ठभाग, दोन्ही बाजूंना उतरता करा आणि कडेची जाडी चार सेंटिमीटरच्या आसपास आणा. पुढच्या भागात रेल गोल व मऊ ठेवा, पण शेवटच्या ३५ सेंटिमीटरमध्ये तळाची धार टोकदार हवी. ती गोल राहिली तर पाणी टेलला चिकटून वर चढते आणि वेग मरतो. तळाला मधोमध तीन-चार मिलिमीटरची एक खोलगट पन्हळ द्या आणि फिनांच्या, म्हणजे तळाला मागे बसवलेल्या पंखांच्या, मध्ये तिच्या दोन करा. याहून खोल करू नका. सपाट पाण्यात त्याचा उपयोग नाही आणि घासकाम दुप्पट होते.

प्रश्न : बाजारात मिळणारा थर्माकोल चालेल का? आणि होड्यांच्या फायबरकामाला वापरतात तेच रेझिन घेतले तर?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ते रेझिन अजिबात घेऊ नका. होड्यांच्या कामाला बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो आणि डोळ्यांदेखत खड्डे पडतात. थर्माकोलवर इपॉक्सी रेझिनच लागते. पॉलिएस्टर चालते ते पॉलियुरेथेन फोमच्या बोर्डला.

थर्माकोलही सजावटीचा नको. तो फार हलका असतो, डेकवर टाचेचे खळगे पडतात आणि दाण्यांच्या फटींतून पाणी शिरते. घनमीटरला २४ ते ३० किलो घनतेचा ठोकळा मागा. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. १० × १० × १० सेंटिमीटरचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, तो २४ ते ३० ग्रॅम भरला पाहिजे. ५ फूट ६ इंची बोर्डला ठोकळा १८० × ६० × १५ सेंटिमीटरचा पुरतो.

रॉकरचे दोन सारखे साचे सहा मिलिमीटर प्लायचे कापून ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना लावा आणि तापवलेली नायक्रोम तार त्यांवरून संथ ओढा. दोन्ही बाजूंच्या माणसांचा वेग सारखा हवा. एक थांबला की तिथे तार फोम खाते. धूर विषारी असतो, म्हणून हे काम उघड्या पडवीत करा. मग ठोकळा मधोमध उभा चिरून चार मिलिमीटर मरीन प्लायचा स्ट्रिंगर, म्हणजे मधली उभी पट्टी, चिकटवा. आकारासाठी साचा अर्ध्या बोर्डचाच करा आणि उलटून दुसऱ्या बाजूला लावा, म्हणजे दोन्ही अंगे सारखी येतात. क्रम असा ठेवा : बाहेरचा आकार, तळ, डेक, शेवटी रेल. रेल आधी केली तर जाडी उतरवताना ती पुन्हा बिघडते.

काच-कापड तळाला २०० ग्रॅमचा एक थर, डेकला २०० आणि १३५ ग्रॅमचा मिळून दोन. एक मीटर पन्ह्याचे एकूण सहा मीटर लागेल. हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) धरून इपॉक्सी दीड किलो घ्या. कापड भिजवायला सुमारे ७०० ग्रॅम जाते, वरच्या लेपांना दोन्ही बाजू मिळून साडेतीनशे-चारशे, उरलेले दाण्यांच्या फटी भरायला आणि फिनांचे बॉक्स बसवायला. फटी न भरता कापड घातले तर फोम रेझिन पिऊन टाकतो. तयार बोर्ड तीन किलोच्या आसपास यावा. हातमोजे आणि रेझिनच्या वाफांसाठीचा मास्क हवाच. धूळ अडवणारा साधा कापडी मास्क पुरत नाही.

प्रश्न : जुलैत सकाळी कापड घातले. दुपारपर्यंत जागोजागी बुडबुडे आले, आणि दुसरा लेप दिल्यावर पृष्ठभाग मेणचट राहिला. हार्डनर कमी पडला का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. बुडबुडे वेळेमुळे आले. सकाळपासून तापमान चढत जाते, थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून वाट काढते. हेच काम दुपार कलल्यावर, तापमान उतरत असताना करा, म्हणजे हवा आकसून रेझिन उलट आत ओढले जाते. त्याआधी बोर्ड उन्हात ठेवू नका. फुटलेले बुडबुडे घासून इपॉक्सीने भरता येतात.

मेणचटपणा दमटपणाचा. इपॉक्सी सुकताना हवेतल्या ओलाव्यामुळे वर पातळ साय धरते. ती पाण्यात विरघळते. कोमट पाणी आणि घासणीने धुवा, कोरडे करा, हलके घासा आणि मगच पुढचा लेप द्या. साय तशीच ठेवली तर वरचा थर नंतर सोलून निघतो. नखाने दाबल्यावर खाच पडत असेल तर मात्र प्रमाण चुकले आहे आणि तो थर खरवडण्याला पर्याय नाही. इपॉक्सीत हार्डनर वाढवून काम लवकर होत नाही. डब्यावर लिहिलेले वजनाचे प्रमाण काट्यावर तोलूनच घ्या आणि एका वेळी पाव किलोहून जास्त कालवू नका. आपल्या उकाड्यात मोठा डबा आतल्या आत तापून घट्ट होतो. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर हे काम टाळा.

प्रश्न : असा रुंद बोर्ड आहे, पण एकाच मधल्या फिनवर टेल सटकते. तीन फिन लावू का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : तीनपेक्षा दोन रुंद बुडाचे कील फिन लावा. रुंद टेल कलली की मधला फिन पाण्यातून जवळजवळ बाहेर येतो, म्हणून फिन कडेजवळ हवेत. बूड २०–२२ सेंटिमीटर, उंची १२–१३. मागचे टोक टेलपासून १३ ते १५ सेंटिमीटरवर आणि रेलपासून तीन-साडेतीन सेंटिमीटर आत. पुढचे टोक मध्याकडे तीन ते सहा मिलिमीटर वळवा, बाहेर कल दोन ते चार अंश द्या. दोन्ही बाजूंची मापे स्ट्रिंगरपासून तपासा. एक बाजू चुकली तर बोर्ड तिकडे ओढत राहतो.

प्रश्न : मोठ्या भरतीला बोर्ड नेमका नोजवर जातो. रॉकर वाढवू का?
– एक वाचक, मोरजी

उत्तर : लगेच नको. उधाणाच्या पूर्ण भरतीला बऱ्याच ठिकाणी लाट किनाऱ्यालगत उभी होऊन एकदम कोसळते आणि सपाट बोर्डचे नोज तिथे अडकतेच. भरती अर्ध्यावर असताना, सकाळच्या मतलई वाऱ्यात जाऊन पाहा. झोपताना छाती एक वीत मागे घ्या आणि लाट उभी होण्याआधीच वल्हवायला लागा. तरीही नोज बुडत असेल तर पुढच्या बोर्डला फक्त शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये एक-दोन सेंटिमीटर बाक वाढवा. मधला सपाट भाग कमी करू नका.