खिडकी ‘बदला’ नव्हे, खिडकीत जा

प्रश्न असा आहे: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करताना ‘स्विच विंडो’साठी ‘खिडकी बदला’ लिहावं की ‘गवाक्ष बदला’?

दोन्ही नको. हे ‘बदला’ जिथे तिथे वाचून वीट आला आहे. दादरला गाडी बदलली की आधीची गाडी आपल्यापुरती संपली. इथे पावतीची खिडकी उघडीच ठेवून आपण खातेवहीच्या खिडकीत जातो आणि परतही येतो. तेव्हा सरळ ‘दुसऱ्या खिडकीत जा’ लिहा.

यावर हमखास आक्षेप येतो, की खिडकीतून माणूस पाहतो, खिडकीत जात नाही. अहो, खिडकी मुळात दारच आहे! बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्रांनी देशीनाममाला या प्राकृतातल्या देशी शब्दांच्या कोशात ‘खडक्की’ नोंदवली ती लहान दार या अर्थाने. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात माणसापुरती दिंडी आहे ना, तसं दार. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमध्ये, घरांच्या पुंजक्याच्या प्रवेशद्वाराला आजही ‘खडकी’च म्हणतात. आपल्याकडे तिचा उंबरठा सुटला आणि गज आले, एवढंच.

संस्कृत कोशांतली ‘खडक्किका’ दाखवून काही पंडित हा शब्द संस्कृताच्या पदरात घालतात. हे मला मुळीच मान्य नाही. हेमचंद्र ज्याला देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला, म्हणतात, त्यालाच मागाहून ‘इका’ जोडून संस्कृत पेहराव चढवला आहे. माझ्या मते मुळाशी कडीचा ‘खट्’ हा आवाज आहे. खटका, खडखड, खटखट ही सगळी त्याच घरातली. (पुण्याची खडकी मात्र खडकावरून. तिला यात ओढू नये.)

गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातली नालाकृती कमान पाहा: ती आत उजेड यावा म्हणून आहे, तिच्यातून ये-जा होत नाही. आणि इथे तर सगळा मुद्दा ये-जा करण्याचाच आहे. १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या शेजारी-शेजारीच मांडलेल्या असत. १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकीवर एक येऊ लागल्या आणि मागे झाकली गेलेली खिडकी गाठणं हे रोजचं काम झालं. त्या कामाला ‘जा’ हेच क्रियापद हवं. बटणावर जागा कमी पडली तर नुसतं ‘दुसरी खिडकी’ पुरे.