जॉन पेट्रुचीचे एकल अल्बम ऐकायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?
थेट २०२० चा 'टर्मिनल व्हेलॉसिटी' लावा. पेट्रुची म्हणजे ड्रीम थिएटर या अमेरिकी मेटल बँडचा गिटारवादक. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकताना त्याने जॉन मायंग आणि माइक पोर्टनॉय यांच्यासोबत हा बँड उभा केला. पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला होता. दहा वर्षांनी या अल्बमवर ड्रम वाजवायला तोच आला, आणि मला तर तो जुना मेळ पहिल्या गाण्यापासूनच जाणवतो! पुढे २०२३ मध्ये तो बँडमध्येही परतला.

बास गिटारवर डेव्ह लारू. गायन अजिबात नाही, तरी कंटाळा येत नाही, कारण पेट्रुचीची गिटारच गाते. लोक त्याच्या वेगाबद्दल बोलतात. मला त्याच्या संथ, लांबवलेल्या सुरांचं जास्त वेड आहे. ते आवडले की मग २००५ चा 'सस्पेंडेड अ‍ॅनिमेशन' ऐका.