रिंगचा हुक वळवणाऱ्यालाही पुरस्कार मिळतो का?

प्रश्न : मी कळव्याला राहतो. सिव्हिलचा डिप्लोमा करून आठ वर्षं झाली, सध्या नौपाड्यात एका पुनर्विकासाच्या साइटवर सुपरवायझर आहे. भूकंपसुरक्षेचं काम करणाऱ्यांना पुरस्कार, फेलोशिप मिळतात असं ऐकतो. मॅडम, हे सगळं प्राध्यापकांसाठीच असतं, की आमच्यासारख्यांनाही वाट आहे?

उत्तर : वाट आहे.

रुरकीचे आनंद स्वरूप आर्य यांना १९९७ साली आपत्ती टाळण्याच्या कामासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा सासाकावा पुरस्कार मिळाला. ते प्राध्यापकच होते, पण दगडमातीच्या, विटांच्या साध्या घरांसाठी झिजले. त्या घरांचा नकाशा कुणी इंजिनिअर काढत नाही. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींत सलग पट्टी फिरवली, की भिंती एकमेकींना धरून राहतात. असल्या गोष्टी त्यांनी गवंड्यापर्यंत नेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी किल्लारीला गेले होते, तेव्हा याचं मोल कळलं. दोन-अडीच फुटी दगडी भिंत मधोमध उभी उकललेली, आतला थर घरात आणि बाहेरचा रस्त्यात. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड कुठे नव्हताच. वर धाब्याची माती.

कॅलिफोर्नियात आल्फ्रेड ॲल्क्विस्ट यांच्या नावाने पदक दिलं जातं. ते तिथल्या सिनेटचे, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य होते. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर, जागत्या भ्रंशरेषेवर, म्हणजे जिथे भूकंपात जमीन फाटून सरकू शकते तिथे, राहती घरं उभी राहू नयेत म्हणून १९७२ साली जो कायदा झाला, त्याला त्यांचं नाव आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याचाही मान होतो.

आपल्याकडे केंद्र सरकारचा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार आहे. तो २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, जाहीर होतो. संस्थेला ५१ लाख, व्यक्तीला ५ लाख रुपये. अर्ज स्वतःही करता येतो, दुसऱ्याचं नावही सुचवता येतं. बचावकार्याइतकंच, आपत्ती टाळण्यासाठी केलेलं कामही त्यात धरतात. फेलोशिपचं मात्र स्पष्ट सांगते, त्या बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असतात. आधी पदवी पूर्ण करा, मग तिकडे बघा.

आता तुमच्या कामाचं. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात ठाणे झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहे. त्यामुळे इथल्या कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून बांधणाऱ्या रिंगचा हुक महत्त्वाचा. सळयांच्या बांधणीचं मानक आयएस १३९२० म्हणतं, हुक १३५ अंशांत आत वळवा आणि पुढे रिंगच्या सळईच्या व्यासाच्या सहापट, निदान ६५ मिलिमीटर, शेपूट ठेवा. काटकोनात वळवलेला हुक हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की उघडतो, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि कॉलम बसतो. खाली नुसते पार्किंगचे खांब असतील तर सगळा भार त्यांच्यावरच येतो. २००१ च्या कच्छच्या भूकंपात भूजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती तळमजल्यात बसल्या.

पाचपाखाडीतल्या एका साइटवर मी रिंगा तपासत होते. फिटर म्हणाला, "मॅडम, हुक आत घेतला तर रिंग चढवायला दुप्पट वेळ जातो, शेठ ओरडतो." त्याचं खरंच होतं, त्याला मजुरी टनावर मिळायची. मी बिल्डरशी बोलून त्या कामाचा दर वाढवून घेतला आणि चार दिवस त्याच्याशेजारी उभी राहिले. पाचव्या दिवशी तोच पोऱ्याला सांगत होता, "हुक आत, नाहीतर काढ परत." ते ऐकून मला जो आनंद झाला, तो कुठल्या प्रमाणपत्राने झाला नसता.

तुम्ही हेच करत असाल तर आजपासून नोंद ठेवा. काँक्रीट पडल्यावर हुक कायमचा झाकला जातो, म्हणून प्रत्येक कॉलमचा फोटो त्याआधी काढा. शेजारी टेप धरा, तारीख दिसू द्या. किती रिंगा परत काढायला लावल्यात तेही वहीत लिहा. अशी दोन-तीन वर्षांची वही हाती असली, की अर्जात काय लिहू हा प्रश्न उरत नाही. आणि अर्ज कराल तेव्हा तुमच्या फिटरचंही नाव लिहा, पूर्ण नाव, गावासकट.